करमुक्त टिपेचा हंगाम

टेक्सासातल्या आमच्या फ्रिस्कोत फेब्रुवारी लागला हे हवेवरून ओळखता येत नाही. सकाळी गाडीची काच खरवडावी लागते आणि दुपारी एसी लावावा लागतो. अशा हवेच्या साक्षीवर विश्वास कोणी ठेवावा? मला फेब्रुवारी कळतो तो घराजवळच्या सिग्नलवर. तिथे कर भरून देणाऱ्या एका दुकानाने भाड्याने आणलेली स्वातंत्र्यदेवता नाचायला लागते. फिकट हिरवा झगा, डोक्यावर फोमचा मुकुट, झग्याखालून डोकावणारी जीन्स, आणि मशालीच्या जागी 'झटपट रिफंड' असं लिहिलेला भलामोठा बाण. मूळची बाई न्यूयॉर्कच्या बंदरात इतकी वर्षं गंभीर चेहऱ्याने उभी आहे. टेक्सासात तिला कंबर हलवावी लागते. परवा माझी मुलगी गाडीतून बघत म्हणाली, "बाबा, शी लुक्स सो हॅपी!" झग्यात दाढीवाला माणूस होता. पण आनंदी होता, हे खरं. त्या चौकात वैतागलेला मी एकटाच होतो.

आपल्याकडे ऋतूंवर लिहिणाऱ्यांनी या ऋतूची दखल घेतलेली नाही. मोहोर येत नाही, पक्षी परतत नाहीत. पोस्टाच्या पेटीत 'महत्त्वाचे कागद' अशी पाकिटं येतात, प्रिंटरमधून ऊन ऊन कागद निघतात, आणि ज्यांनी वर्षभर फोन केलेला नसतो अशा मित्रांना अचानक आपली प्रकृती कशी आहे हे जाणून घ्यावंसं वाटतं. यंदा त्यात निवडणूकही आहे. टीव्ही लावावा तर बाह्या सरसावलेला कोणीतरी उमेदवार एखाद्या वेट्रेसशेजारी उभा असतो, आणि तिच्या हातात कॉफीची किटली असते. ती किटली दिसली की मी चॅनल बदलतो. बायको विचारते, "तुला त्या बिचाऱ्या बाईचा काय राग?" राग बाईचा नाही. किटलीचा आहे.

टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही. ही गोष्ट इथले आपले लोक अशा थाटात सांगतात, जणू तो कर त्यांनी स्वतः रद्द केला. मग घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं आणि थोडे दिवस सगळे गप्प असतात. इथे येण्याआधी मी मिडवेस्टातल्या एका राज्याच्या राजधानीत राहत होतो. राज्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं भली होती, आणि विधिमंडळं काय, सगळीकडची सारखीच असतात.

त्या गावातला फेब्रुवारी मात्र हवेवरून कळायचा. पडून शिळा झालेला बर्फ, रस्त्यावरच्या मिठाने काळपट पडलेला. अपार्टमेंटच्या दाराशी ओल्या बुटांची रास, हीटरची कोरडी ऊब, कार्पेटमध्ये मुरलेला सगळ्या जुन्या भाडेकरूंच्या फोडण्यांचा वास. शनिवारी सकाळपासून माझ्याकडे माणसं यायची, लॅपटॉप आणि फायली घेऊन. मी सॉफ्टवेअरचा माणूस. कराचं शिक्षण शून्य. पण सरकारी सूचनांची पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली होती. वाचायला दुसरं काही नसलं की मी काहीही वाचतो. ती बातमी मराठी मंडळात पसरली आणि मी गावचा फुकट सीए झालो. फी म्हणून साबुदाण्याची खिचडी यायची. इतकी खिचडी मी सगळे उपास करूनही खाल्ली नसती.

त्या माणसांत शैला मावशी असायच्या. मावशी नागपूरच्या, आणि आम्हा सगळ्यांच्याच मावशी. काका टायरच्या कंपनीत प्रयोगशाळेत होते. ते गेले तेव्हा मावशींनी पन्नाशी ओलांडली होती, मूलबाळ नव्हतं, नागरिकत्व मात्र केव्हाच मिळालेलं होतं. लोकांनी त्यांना परत जा म्हणून सांगितलं, आणि त्या आमच्या ऑफिसजवळच्या चड्ढाजींच्या रेस्टॉरंटमध्ये कामाला लागल्या. दुपारचा बुफे. काळी पँट, पांढरा शर्ट, घट्ट आंबाडा. बुफेत बाकी सगळं आपण वाढून घ्यायचं, पण गरम नान टेबलावर आणून द्यायची पद्धत होती, आणि ते काम मावशींचं. त्या नान देत नसत, पोळी वाढावी तशी वाढत. "अजून एक? बरं, अर्धी तरी?" समोरचा अमेरिकन मॅनेजर नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत अर्धी त्याच्या ताटात पडलेली असायची.

वेटरला त्या राज्यात तासाला दोन डॉलर आणि वर काही चिल्लर मिळायची. उरलेलं पोट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. हे ऐकून नव्याने आलेल्या प्रत्येकाला प्रथम संताप यायचा, आणि मग बिल यायचं. बुफेला टिप द्यायची की नाही यावर आमच्या ऑफिसात जेवढी चर्चा झाली तेवढी इराकवर झाली नाही. "आपणच उठून वाढून घेतलं, मग टिप कसली?" हा एक पक्ष. "पंधरा टक्के, पण टॅक्स सोडून," हा दुसरा. मुंबईचा पराग माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसायचा; तो बुद्धिमान माणूस. बिलावरच्या सेल्स टॅक्सची दुप्पट करायची आणि सरळ खाली उतरवायची, ही युक्ती त्याची. मावशी लांबून आमची डोकी एकत्र आलेली बघायच्या आणि पाण्याचा जग घेऊन येत म्हणायच्या, "काय रे, परीक्षेचा पेपर आहे का बिल आहे?"

मावशींची एक गोष्ट अडली होती. नागपूरला त्यांची आई फ्लॅटमध्ये एकटी होती. तिला इकडे आणायचं तर वकिलाचं म्हणणं स्पष्ट होतं: शेवटच्या वर्षाच्या रिटर्नवर मावशींची कमाई सरकारने आखलेल्या एका रेषेच्या वर दिसली पाहिजे, म्हणजे आणलेलं माणूस सरकारच्या गळ्यात पडणार नाही याची खात्री. नुसता पगार त्या रेषेच्या जवळपासही फिरकत नव्हता. टिप धरली तर ती जेमतेम ओलांडली जायची. म्हणून मावशी रोजच्या रोज रोख टिप चड्ढाजींना सांगायच्या, चड्ढाजी ती पगारपत्रकात घालायचे, आणि वर्षाच्या शेवटी ती डब्ल्यू-टू नावाच्या कागदावर छापून यायची. दरवर्षी रिटर्न भरून झालं की त्यांचा प्रश्न एकच. "झाली का रे रेषा पार?"

"झाली, मावशी."

"आता आई हो म्हणू दे फक्त."

आई हो म्हणत नव्हती. तिला नागपूर सोडायचं नव्हतं.

दोन हजार चार सालच्या मार्चमध्ये एक सिनेटर चड्ढाजींकडे जेवायला आले. सिनेटर राज्याचे, वॉशिंग्टनचे नव्हेत, पण बूट तसेच होते. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर, त्यांच्या ओळखीने हा योग आला. सिनेटरसाहेब एक विधेयक मांडणार होते: हॉटेलातल्या नोकरांच्या टिपेवर राज्याने इन्कम टॅक्स घेऊ नये. त्याची घोषणा खऱ्या कष्टकऱ्यांमध्ये व्हावी, अशी त्यांची इच्छा. आम्ही लंचला गेलो तर निम्मी टेबलं हलवलेली, भिंतीवर फलक, 'तुमची टिप तुमचीच', आणि कॅमेरे. साहेबांच्या मदतनिसाने मावशींना हेरलं. वर्णाचा, वयाचा आणि चेहऱ्याचा असा संगम त्याला एका जागी पुन्हा मिळाला नसता. त्याने त्यांना साहेबांच्या शेजारी उभं केलं आणि हातात देण्यासाठी कॉफीची किटली शोधायला घेतली. चड्ढाजींकडे कॉफी नव्हती, चहा होता, आणि तो आतून कपातच यायचा. त्याने कुठून तरी किटली पैदा केली. रिकामी होती.

साहेब छान बोलले. घामावर कर लावणारं सरकार, आजीची कष्टाळू बोटं, स्वप्नं. मावशी रिकामी किटली दोन्ही हातांनी, भरलेली असावी तशी जपून धरून उभ्या होत्या. मी पुस्तिका वाचलेला माणूस, त्यामुळे माझ्या मनात भलतेच विचार येत होते. राज्याचा कर मुळात इतका बारीक, आणि मावशींची कमाई इतकी कमी, की ही सूट मिळून त्यांना वर्षाकाठी बुटांचा एक जोड आला असता. मोठा कर केंद्राचा, आणि त्याला या साहेबांचा हात पोचत नव्हता. पण टाळ्यांमध्ये असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. साहेबांनी एक भजं खाल्लं, 'अमेझिंग' म्हणाले आणि गेले. जेवण चड्ढाजींकडून होतं. बिलच झालं नाही, त्यामुळे टिपेचा प्रश्न उद्भवला नाही.

प्रश्न दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर उद्भवला. बिल आलं, आणि परागने पेन खाली ठेवलं.

"एक मिनिट. आता टिपवर टॅक्स नाही ना?"

"मग?"

"मग पंधरा कशाला? आपल्याला तिच्या हातात किती पडतं ते बघायचं. टॅक्स कापून जेवढे उरायचे तेवढेच दिले की मावशींचं नेट सेम. तेरा पुरे."

मी म्हणालो, "अरे, ते नुसतं विधेयक आहे. मंजूर व्हायचंय."

"होईल ना यार. सगळ्यांनाच हवंय."

"आणि राज्याचा कर एवढा नसतोच. तू केंद्राचासुद्धा कापतोयस."

"राउंड ऑफ केलं," पराग म्हणाला.

तो वाईट माणूस नव्हता. मावशींना न्यूमोनिया झाला तेव्हा रोज सूप घेऊन जाणारा हाच. पण आमच्या सॉफ्टवेअरच्या जातीच्या माणसाला एखाद्या गणितात वाचवण्यासारखं काही दिसलं की ते वाचवल्याशिवाय झोप येत नाही; ते कोणाच्या खिशातून वाचतंय हा उत्तरानंतरचा प्रश्न, आणि उत्तर आलं की आम्ही वही मिटतो. तेराचा शोध ऑफिसभर ईमेलने गेला. कोणीतरी एक्सेल शीट केली. एकाने तर 'जेवण स्वस्त, वेटर सेफ' असा विषय लिहिला. बुफेला टिप नकोच म्हणणाऱ्यांना इतक्या वर्षांनी नैतिक आधार सापडला. टेबलावरच्या नोटा तशाच राहिल्या, त्यांच्यावरची नाणी गेली, आणि मग कधीतरी नोटाही विरळ झाल्या.

तिकडे चड्ढाजींनीही बातमी वाचली होती. ते मावशींना म्हणाले, "मॅडम, अब ये कॅशवाला रोज रोज क्या लिखना? टॅक्स ही नहीं है. आप आराम से रखो." त्यांनी हे प्रेमाने सांगितलं. टिप लिहिली नाही की मालकाचाही थोडा कर वाचतो, हे आपल्याला नंतर कळलं असं ते म्हणतात, आणि मी ते मानायचं ठरवलं आहे. मावशींनी लिहून द्यायचं बंद केलं. टीव्हीवर सिनेटर, दारात मालक, दोघंही लिहू नको म्हणतायत. चूक काढायला त्या पुस्तिका वाचत नव्हत्या.

विधेयक एका समितीकडे गेलं. समितीला त्यात तातडीचं काही दिसलं नाही, अधिवेशन संपलं, आणि ते तिथेच निजलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ऑफिसात मी त्या वाचून दाखवल्या. "ओह, सॅड," कोणीतरी म्हणालं. तेराचे पंधरा कोणी केले नाहीत.

आणि त्याच पावसाळ्यात, तिकडच्या, नागपूरहून आईचा होकार आला. शेजारचं बिऱ्हाड सोडून गेलं, जिन्यात बोलायला कोणी उरलं नाही. "येते बाई तुझ्याकडे," म्हणाली. मावशींनी दोन बेडरूमचं घर शोधलं, तळमजल्यावरचं. कमोडशेजारी धरायला दांडा बसवून घेतला. खिडकीशी एक खुर्ची ठेवली, आणि त्या खुर्चीत स्वतः बसून बाहेरचं काय काय दिसतं ते बघून घेतलं.

पुढच्या फेब्रुवारीत त्या माझ्याकडे आल्या त्या डबा घेऊनच. मी आकडे टाइप केले. पुन्हा टाइप केले. हीटर सुरू झाल्याचा आवाज आला.

"काय झालं रे? असा काय पाहून राहिला?"

"मावशी, यात टिप जवळजवळ नाहीच."

"नाही ना. माफ झाली ना ती?"

मी समजावून सांगितलं. झालीच नव्हती माफ. आणि झाली असती तरी राज्यापुरती. केंद्राच्या रिटर्नवर ती लिहावीच लागते, आणि आईच्या अर्जाला तेच रिटर्न जोडायचं असतं. स्वतःहून आता सांगता येईल, पण आकडा कुठला? मार्चनंतरचं रोजचं लिहिलेलं काही नाही, आणि टिपही उतरलेली. अंदाजाने काहीतरी ठोकायचं आणि त्याच कागदावर अर्ज न्यायचा, याला वकिलाने फोनवरच नकार दिला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी वर्षभर उभी राहिले ते कुठंच नाही?"

दुसरा मार्ग जामिनाचा होता. कोणी नागरिकाने किंवा ग्रीन कार्डवाल्याने सही केली तर चालणार होतं. आम्ही ऑफिसातले सगळे मावशींच्या कितीतरी पट कमावत होतो, आणि सगळे वर्क व्हिसावर. आमच्या सहीला या कामी काडीची किंमत नव्हती. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर मात्र नागरिक होते; मी मावशींना घेऊन त्यांच्याकडे गेलो. मोठं घर, बूट काढायला बाक, बाकाला उशी. डॉक्टर फार आपुलकीने बोलले. "शैलाताई, सही करायला काय हो! पण लायबिलिटी असते त्यात, वर्षानुवर्षं. माझा अकाउंटंट नाहीच म्हणणार." मग त्यांना एकदम बरं वाटेल असं काहीतरी सुचलं. "आणि काळजी करू नका, ते टिपचं बिल आपण पुढच्या सेशनला परत आणतोय!"

"नका आणू," मावशी म्हणाल्या.

"अं?"

"साहेबांना सांगा, मला टॅक्स लावा. सगळ्या टिपेवर लावा. पाहिजे तर दुप्पट लावा, पण लिहून घ्या."

डॉक्टर खो खो हसले. गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी स्टेजवरून हा किस्सा सांगितला, 'आमच्या शैलाताईंची विनोदबुद्धी' म्हणून. हॉल हसला. टाळ्याही पडल्या. मावशी मागे प्रसादाचे द्रोण भरत होत्या.

ते वर्ष त्यांनी जिद्दीने काढलं. चड्ढाजींना रोज संध्याकाळी टिपेचा आकडा लिहायला लावायचा, आणि त्यांनी पेन ठेवेपर्यंत समोरून हलायचं नाही. आम्हाला सांगायचं, "कार्डावर दे रे बाबा, कार्डावर. आपोआप कागदावर येते." साऱ्या अमेरिकेत वेटर लोक रोख मागतात, ही एकटी बाई कर लागावा म्हणून गिऱ्हाइकांच्या विनवण्या करत होती. पराग पंधरावर परत आला, पण मान खाली घालून. त्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. बाकीचे तेरावर राहिले. त्यांना आता तेराची सवय झाली होती, आणि कारण विसरलं गेलं होतं. मावशींनी मग संध्याकाळची पाळीही घेतली. पाय सुजायचे. नान वाढताना त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहायच्या.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत रेषा पार झाली. चांगली ऐटीत पार झाली. राज्याचा कर, केंद्राचा कर, दोन्ही आकडे मी त्यांना दाखवले, आणि एवढ्या समाधानाने कर भरणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्यांनी प्रिंटरमधून निघालेला कागद गालाला लावला. "गरम आहे," म्हणाल्या.

पण मधल्या दिवाळीत आई भाजी आणायला म्हणून खाली उतरली होती आणि तिला घर सापडलं नव्हतं. लोकांनी आणून सोडलं. मग असं पुन्हा झालं, पुन्हा झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता जागा बदलू नका; आहे तेवढी ओळख तिला त्या भिंतींचीच आहे. मावशींनी अर्ज केलाच नाही. खिडकीजवळची खुर्ची परागच्या घरी गेली. मे महिन्यात मी त्यांना विमानतळावर सोडलं, आणि वर्षभरात मीही ते गाव सोडलं.

मी पुष्कळदा मनाशी खटला चालवून पाहिला आहे. आरोपीच सापडत नाही. साहेबांनी भलं करायचं ठरवलं होतं. चड्ढाजींनी त्रास वाचवला. परागने गणित केलं. समितीने तर काहीच केलं नाही. एकाही माणसाच्या मनात वाईट नव्हतं, आणि एका म्हातारीचं एक वर्ष गेलं, नेमकं ज्या वर्षात तिला लेक ओळखू येत होती ते. चिडायचं कोणावर? मग मी टीव्हीतल्या किटलीवर चिडतो. बायको म्हणते, वय झालं तुझं.

मावशींचा फोन फेब्रुवारीत येतोच. परवा आला तेव्हा इकडे संध्याकाळ होती, तिकडे सकाळ. मागे कुकरची शिट्टी झाली.

"काय रे, माझं रिटर्न भरून राहिला की नाही यंदा?"

"मावशी, कमाई नाही ना काही? मग भरायची गरज नाही तुम्हाला."

"कमाई नाही कशी? टिप मिळते ना मला."

"टिप? कोणाकडून?"

"आईकडून." त्या हसल्या. "सकाळी मी शैला असते. दुपारनंतर कामाची बाई. चहा नेऊन दिला की सगळा पिते, कप खाली ठेवते, आणि उशीखालची दहाची नोट काढून माझ्या हातात देते. मी ती रात्री परत उशीखाली ठेवते."

मी म्हणालो, "रोज?"

"रोज. आणि जवळ बोलावून कानात सांगते, कोणाला कळू देऊ नको बाई, पगारातून कापतील तुझ्या."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, नाही सांगत." कुकरची आणखी एक शिट्टी झाली. "तेव्हा ही तेवढी लिहू नको रे."